हातातलं चित्र सोडवत नाही, तुम्ही कसं सोडता?

तापीकाठची (भुसावळ)

नमस्कार मंडळी. मी जलरंगात काम करते. विषय बहुतेक आपल्याकडचेच. तापीचं पात्र, हतनूरच्या पाणथळीवरचे पक्षी, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा. आमच्या भागातल्या एका वाचनालयाने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) छोटं प्रदर्शन लावायचं ठरवलंय आणि माझी दहा-बारा चित्रं मागितली आहेत. घरात चित्रांचा गठ्ठा पडलाय, पण त्यातलं एकही "झालं" असं मला वाटत नाही.

केळीच्या पानाचंच घ्या. वाऱ्याने पान फाटतं, त्याच्या पट्ट्या होतात आणि मधला दांडा उजेडात जवळजवळ पांढरा दिसतो. तो पांढरा म्हणजे कोरा कागद, तिथे रंग लावायचाच नसतो. पहिल्या हातात पान छान उतरतं. मग वाटतं, डावीकडची पट्टी जरा गडद हवी. ती गडद केली की शेजारची फिकी दिसते. तिला हात लावला की दांड्याच्या कडेने रंग आत शिरतो. तो ओल्या ब्रशने उचलायचा, आणि पुन्हा पुन्हा उचलला की कागदाचे तंतू वर येतात. पान मेल्यासारखं दिसायला लागतं, तरी हात थांबत नाही.

असं होणारी मी एकटी नाही. ओळखीत एक बासरीवाले आहेत. घरी ऐकलं तर उठावंसं वाटत नाही, पण ते चारचौघांत वाजवायला तयार नाहीत. एक मैत्रीण कविता लिहिते आणि कुणालाच दाखवत नाही. सगळं निर्दोषच हवं या हट्टापायी आपल्याकडचं किती चांगलं काम कपाटात पडून राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर प्रश्न असा की तुम्ही काय करता? "स्वतःवर विश्वास ठेवा" वगैरे नको. हात कसा थांबवता ते सांगा. चित्र, गाणं, रांगोळी, लाकूडकाम, काहीही चालेल.

गिरणाथडी

ताई, आधी चित्रं दाखवा, मग बोलू.

खापरावरची (यावल)

मी चित्रकार नाही, पण आमच्या घरची कानबाई मी मांडते. बाहेरच्यांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी नदीवर जाते. नारळाला डोळे, नाक, नथ, मळवट. मग साडी, दागिने, मागची आरास. त्याच दिवशी रोटाचा स्वयंपाकही असतो, त्यामुळे दोन्हीकडे हात हवे असतात.

एखाद्या वर्षी डोळा जरा तिरपा बसतो. मला दिसतो, सासूबाईंनाही दिसायचा. पण तोवर दारात बायका आलेल्या असतात. त्या तिरप्या डोळ्याच्या आईलाच सगळं घर नमस्कार करतं आणि रात्रभर तिच्यापुढे गाणी होतात. सोमवारी निरोप देताना डोळ्यांत पाणी येतं. डोळा तिरपा होता हे तेव्हा कुणाच्या मनातही नसतं.

ताई, तुमच्या चित्राला वार ठरलेला नाही, म्हणून ते संपत नाही. आता आखाजीची तिथी मिळालीय ना? तीच धरा.

रेषाकाका (धुळे)

मी निवृत्त कलाशिक्षक आहे. खापरावरची ताईंचं म्हणणं पटलं, पण पूर्ण नाही. कानबाईची आरास सोमवारी उतरते. चित्र भिंतीवर वर्षानुवर्षं राहतं. देवीपुढे भक्ती असते म्हणून तिरपा डोळा चालतो. चित्रापुढे बघणारा भक्तीने उभा नसतो.

दुसरं म्हणजे आजकाल "परफेक्शन सोडा" हे फार सोपं झालंय. ज्याला अजून हाताची बोटं काढता येत नाहीत तोही म्हणतो, मी मुक्त काम करतो. सोडायला आधी हातात काही असावं लागतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना आम्ही मुलांकडून वस्तुचित्र करून घ्यायचो. तांब्या आणि त्यामागचं कापड. तांब्याच्या तोंडाची लंबगोल रेषा जमेपर्यंत पानंच्या पानं जायची. त्याला छळ म्हणणारे पालक होते. पण ती रेषा एकदा हातात बसली की पुढे आयुष्यभर विचार करावा लागत नाही.

तापीकाठची यांची सफाई आधीपासून आहे हे त्यांच्या लिहिण्यावरूनच कळतं. त्यांनी जरूर सोडावं. पण हा सल्ला सगळ्यांना देऊ नका एवढीच विनंती.

तापीकाठची

सर, मान्य. पण मला वाटतं त्याच परीक्षांनी खोडरबराचीही सवय लावली. कागदाला डाग नको, रेषा दुहेरी नको, रंग किनारीबाहेर नको. त्या शिस्तीतून बाहेर कसं पडायचं हे शाळेत कुणी शिकवलं नाही.

रेषाकाका

शिकवलं होतं, तुमच्या लक्षात राहिलं नाही. स्मरणचित्राचा पेपर आठवा. बैलगाडी, जत्रा, नदीवर धुणं. समोर काही नाही आणि घड्याळ चालू. त्या पेपरला खोडरबर घेऊन बसलेला मुलगा हमखास मागे पडायचा, कारण चार माणसं काढायची असायची आणि त्याचं पहिल्याच्या नाकावर काम चालू. मी वर्गात सांगायचो, आधी सगळ्यांना पाय जमिनीवर द्या, नाकं नंतर. घंटा वाजली की कागद द्यायचाच. तेवढं आजही करा. गजर लावून बसा.

पोळ्याचा_सर्जा (शिरपूर)

बैल रंगवणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही! शिंगांना वॉर्निश लावेपर्यंत सर्जा उभा राहतो, अंगावर ठसे मारायला लागलो की शेपूट फिरवतो. एका वर्षी पोराने पाठीवर मोठ्या हौसेने मोर काढला. मिरवणुकीआधी बैलाने गोठ्याच्या भिंतीला अंग घासलं आणि अर्धा मोर भिंतीवर. गावातली पोरं बैल सोडून भिंत बघायला आली. भिंतीवरचा मोर अजून आहे, आम्ही चुना मारताना तेवढी जागा सोडतो.

गिरणाथडी

सर्जाभाऊ, त्या भिंतीचा फोटो टाकाच.

वाघूरवळण (फर्दापूर)

जळगावहून अजिंठ्याला गेलेले इथे पुष्कळ असतील. पण लोक एक, दोन, सोळा, सतरा, एकोणीस आणि सव्वीस नंबरची लेणी बघतात आणि परततात. पुढच्या वेळी चोवीस नंबरपुढे थोडा वेळ थांबा. हा विहार पुरा झाला असता तर अजिंठ्यातल्या सगळ्यांत मोठ्या विहारांमध्ये गणला गेला असता. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात जी मोठी कामं एकदम सुरू झाली त्यातलं हे एक. राजाश्रय संपला आणि काम थांबलं.

या अर्धवट लेण्यात काम करायची पद्धत उघडी दिसते. छताकडून खाली यायचं. लांब चर खणत जायचं, मग मधले उभे राहिलेले दगडाचे पट्टे फोडायचे. काही जागी खांब नुसते ठोकळे आहेत, आणि त्याच लेण्यात बाहेरच्या अंगाला मन लावून केलेलं नाजूक कोरीवकामही आहे. म्हणजे आतला दगड अजून निघायचा होता आणि बाहेर नक्षीचा माणूस आपलं काम करत होता. सगळं तयार होऊ दे, मग मी हात लावतो, असं कुणी म्हणत बसलेलं दिसत नाही.

मला स्वतःला पुऱ्या झालेल्या लेण्यांइतकंच हे लेणं आवडतं. छिन्नीच्या खुणांवरून तिथे हात फिरलेला दिसतो.

अमळनेरी

वाघूरवळण, माहिती छान, पण उदाहरण लागू पडत नाही. चोवीस नंबर कुणी आपणहून सोडलं नाही. पैसा आणि आश्रय संपला म्हणून राहिलं. त्या कारागिरांना विचारलं असतं तर त्यांनी पुरंच करायचं म्हटलं असतं. सक्तीने राहिलेलं काम आणि समजून थांबवलेलं काम, यात फरक आहे.

वाघूरवळण

फरक आहे, कबूल. पण बघणाऱ्याला त्याने काही कमी मिळतं का? माझा मुद्दा तेवढाच. करणाऱ्याला सलणारी उणीव बघणाऱ्याला बहुतेक वेळा सलत नाही.

मूसप्रेमी (चाळीसगाव)

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९). स्टेशनाजवळच्या आपल्या घरात या माणसाने कित्येक दशकं जवळजवळ एकांतात काढली. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टेबलावर घरातल्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड असा टाकायचा की फोटोत तो डोंगर वाटावा, रस्ता वाटावा, बर्फ वाटावा. एखादी वस्तू केसभर हलली तरी भ्रम मोडतो. तिथे "चालेल" म्हणून भागत नाही.

त्यांची कलादालनात ठेवलेली कामं बघून आलं की वाटतं, हा हट्ट नसता तर यातलं काही झालं नसतं. मग परिपूर्णतेला सगळे मिळून शिव्या का देताय? काही कलांचा प्राणच तो आहे.

अमळनेरी

+१

तापीकाठची

मूसप्रेमी, तुमच्या प्रतिसादावर बराच विचार केला. मी ते दालन पाहिलंय. पण मूसांनी फोटो काढले, छापले, स्पर्धांना पाठवले. टेबलावरची मांडणी हलवत बसायला त्यांना अख्खा दिवस होता, पण कधीतरी बटण दाबलंच ना? माझं बटणच दाबलं जात नाही. बारकाईने काम करण्याविरुद्ध माझं काहीच म्हणणं नाही. काम सोडताच येत नाही, हे दुखणं आहे.

मूसप्रेमी

हे मान्य. बटण दाबायलाच हवं.

मनमोकळी (जळगाव)

समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे या बाजूने थोडं सांगते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. पहिला, स्वतःकडून अवास्तव अपेक्षा. दुसरा, इतरांकडून तशाच अपेक्षा. तिसरा, लोकांना माझ्याकडून निर्दोषच हवं आहे अशी धारणा. हा तिसरा माणसाला सगळ्यांत जास्त जाचतो. टॉमस कुरन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातली अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि तिसरा सर्वांत जास्त.

ते विद्यार्थी तिकडचे आहेत, आपल्याकडचे आकडे वेगळे असू शकतात. पण माझ्यापुढे बसणारी मुलं जे बोलतात ते याहून वेगळं नाही. ताई, एक विचारते. पानाची पट्टी गडद करताना "हे बरोबर नाही" असं जे मनात येतं, ते कुणाच्या आवाजात येतं? डोळे मिटून ऐकून बघा. पुष्कळांना तिथे एखादे शिक्षक, वडील, मोठी बहीण सापडते. आवाज कुणाचा ते कळलं की त्याला उत्तर देता येतं.

तापीकाठची

बहिणीचा. लगेच कळलं.

मनमोकळी

मग तिला पहिलं बोलवा प्रदर्शनाला.

डफावर_थाप (पारोळा तालुका)

मी वहीगायनात डफ धरतो. आमच्याकडे कानबाईपुढे रात्र रात्र वही चालते. श्रावणातली हवा ओली, डफाचं कातडं ढिलं पडतं. मधूनमधून शेकोटीवर धरून तापवावा लागतो. तापवला की सूर चढतो, पुन्हा हळूहळू उतरतो. म्हणजे रात्रभर डफ एका सुरात कधी नसतोच! त्याच्याबरोबर गळा वरखाली करायचा.

गाताना शब्द विसरतो. पुढचा अडकला की मागचे उचलतात. थांबायचं नाही एवढा एकच नियम. थांबलास तर बठ्ठी रात मोडनी (सगळी रात्र मोडली), असं आमचे आबा म्हणायचे. चुकीचा शब्द गेला तर गेला, पुढच्या फेरीला बरोबर येतो. तेच कडवं परत येतंच ना. ताई एकटीने काम करते म्हणून अडकते. शेजारी कुणी असलं की हात पुढे जातो. आठवड्यातून एक दिवस दोघी-तिघींनी एकत्र बसून चित्रं काढा.

असोदेकरीण

डफावर थाप यांनी फार मोलाचं लिहिलंय. त्यावरून आमच्या गावची लेक बहिणाबाई आठवल्या (१८८०-१९५१). लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या रचल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी उतरवून घेतल्या म्हणून टिकल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. हे बरोबर आहे का, वृत्तात बसतं का, लोक काय म्हणतील, असल्या फंदात त्या पडल्या नाहीत. आलं तसं म्हटलं, म्हणून ते इतकं ताजं आहे.

रेषाकाका

असोदेकरीण ताई, बहिणाबाईंबद्दल आदर तुमच्याइतकाच आहे, म्हणूनच सांगतो. "आलं तसं म्हटलं" हे मला पटत नाही. जात्यावरची ओवी बाई एकदाच म्हणते का? दळण रोजचं. एकच ओळ शेकडो वेळा तोंडातून जाते, आणि दर वेळी खडा लागणारा शब्द गळून पडतो. कागदावर खाडाखोड दिसली नाही म्हणून घासणं झालं नाही असं समजू नका.

असोदेकरीण

काका, असं असेल तर तुमच्याच म्हणण्याला छेद जातो. त्यांनी एक ओवी हातात धरून ठेवली नाही. म्हटली, सोडली, दुसऱ्या दिवशी परत म्हटली. ताई त्याच कागदावर दहा वेळा हात फिरवते. त्यापेक्षा तेच पान दहा कागदांवर काढलं तर?

रेषाकाका

हे मात्र एकदम बरोबर. याला माझा आक्षेप नाही. तापीकाठची, हा प्रतिसाद पुन्हा वाचा.

खापरावरची

मांड्याचं तसंच आहे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा. एकदा टाकला की परत उचलून नीट करता येत नाही. फाटला तर फाटला, तो पोरांना. लक्ष पुढच्या गोळ्यावर. नवीन सून पहिल्या फाटलेल्या मांड्याला चिमटे काढत बसली तर बाकीचं पीठ सैल पडतं.

गिरणाथडी

आता मांडे निघाले म्हणजे कुणीतरी भरीत-कळण्याची भाकरी काढणार. प्रदर्शनाच्या दिवशी तेवढी सोय बघा, गर्दीची काळजी नको.

पोळ्याचा_सर्जा

आखाजीला भरीत? तेव्हा आंबरस-पुरणपोळी. भरीत थंडीत, नव्या वांग्याचं. खान्देशी म्हणवता आणि एवढं माहीत नाही गिरणाभाऊ!

फैजपूरकर

विषयाला धरून एक. आमच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की सगळं खेड्याचं, खेड्यातल्या सामानाचं असावं. सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले. एवढे मोठे चित्रकार, पण हाताशी काय? बांबू आणि गावात मिळेल ते. त्यातून कमानी, मंडप उभे केले. अधिवेशन संपलं आणि ते सगळं उतरलं.

पुढे १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी पोस्टर केली. ढोल वाजवणारा, सुतार, धान्य कांडणारी बाई अशी साधी माणसं, जाड मोकळी रेषा, सपाट रंग. येणारा-जाणारा चालता चालता बघेल म्हणून काढलेली ती चित्रं आज आपल्या आधुनिक कलेतली महत्त्वाची कामं मानली जातात. घाई होती, संख्या मोठी होती, एकेकावर महिने घालवायची सोयच नव्हती. ती सोय असती तर ती रेषा इतकी मोकळी राहिली असती असं मला वाटत नाही.

अमळनेरी

हे उदाहरण मात्र चपखल. साने गुरुजींचंही तसंच. आमच्या अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहून झाली. पण नंदलाल काय आणि गुरुजी काय, त्या पाच दिवसांच्या मागे कित्येक वर्षं होती हे विसरू नये.

पाटीवाला_पेंटर (नंदुरबार)

धागा आत्ता पाहिला. मी फ्लेक्स यायच्या आधीपासूनचा पाट्या रंगवणारा. आमच्या धंद्यात हा आजार होत नाही, कारण गिऱ्हाईक शेजारी स्टूल टाकून बसलेलं असतं.

पाटी कशी करतात सांगतो. पत्रा घासून अस्तर मारायचं. वाळलं की दोरीला खडूची भुकटी लावून ताणायची आणि सोडायची, रेघ उमटते. वरची आणि खालची. मग अक्षरं नुसती खडूने मांडायची आणि चार पावलं मागे जाऊन बघायची. सगळी हुशारी इथे. "किराणा" मधला "रा" अरुंद, "णा" रुंद, दोघांना सारखी जागा दिली तर पाटी लंगडी दिसते. मांडणी जमली की ब्रशचं काम एका दमात. ओल्या ऑइल पेंटवर परत ब्रश नेला की वळ उठतात. तो वळ नंतर किती घासला तरी जात नाही.

ताई, तुम्ही सगळी दुरुस्ती रंगात करताय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. ती आधी करा. बारक्या कागदावर पेन्सिलने, अंधार कुठे, उजेड कुठे एवढंच. मग मोठ्या कागदावर विचार करायचा नाही. मागे जाऊन बघा मात्र. हातभर अंतरावरून दिसणारी चूक भिंतीवर लावल्यावर सापडत नाही.

रेषाकाका

पेंटर, हात जोडतो. चाळीस मिनिटांच्या तासाला मुलांना हे कधी इतकं नीट सांगता आलं नाही.

वाघूरवळण

आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतारही असेच. १९५० च्या दशकात त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम केलं. पुढे १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभारताना आधी लहान प्रतिकृतीतच सगळं ठरवून घ्यावं लागलं. एवढ्या उंचीवर नाक बदलायला कोण जाणार?

सातपुड्याचं_वारं (धडगाव)

बाकी लोकांनी सांगितलंच. मला एवढंच म्हणायचंय की सोडणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. आमच्या भागातली मुलं जिल्ह्याच्या स्पर्धेला जातात तेव्हा त्यांचं काम दुप्पट नीट असावं लागतं. जरा डाग असला तर लगेच "पाड्यावरचं पोर" म्हणतात. ज्याला चूक परवडत नाही त्याला "सैल सोड" म्हणणं सोपं आहे. हा हट्ट कधी कधी बाहेरून लादलेला असतो. मनमोकळी ताईंनी सांगितलेला तिसरा प्रकार मला तिथे दिसतो. परीक्षक बदलल्याशिवाय तो एकट्या मुलाने कसा सोडायचा?

मनमोकळी

खरं आहे. याला माझ्याकडे चटकन देता येईल असं उत्तर नाही. मुलाला समजावण्याआधी परीक्षकांशी बोलायला हवं. यावर वेगळा धागा काढा, मी येते.

रेषाकाका

मीही येईन. अनेक वर्षं परीक्षक म्हणून बसलोय. डाग आधी दिसतो आणि चित्र नंतर, ही परीक्षकाची सवय मोडायला हवी. काढाच धागा.

तापीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं हाताला येण्यासारखं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय ठरवलंय ते सांगते. जुन्या गठ्ठ्याला दुरुस्तीसाठी हात लावणार नाही. त्यातली जिवंत वाटणारी तेवढी काढून ठेवली, मागे पेन्सिलने तारीख घातली. तारीख घातली की परत ब्रश न्यायचा नाही. बाकीची नवीन करतेय. पेंटरदादांचं ऐकून आधी पोस्टकार्डाएवढं टिपण, मग मोठा कागद. असोदेकरीण म्हणाल्या तसं एकच केळीचं पान वेगवेगळ्या कागदांवर. शेजारच्या दोन मुली सोबत बसतात.

आणि आपल्या उन्हाची मदत झाली! भुसावळच्या या उन्हात दुपारी रंगाचा हात पसरेपर्यंत कागद वाळतो. हिवाळ्यात ओल्या रंगाशी खेळत बसायला वेळ मिळतो, आता पट्टी एकदा लावली की लावली. दांडा पांढरा राहतोय. पानांची फाटकी टोकं पूर्वी मी बारीक ब्रशने काढायचे, आता कोरडा ब्रश ओढला की कागदाच्या खरबरीतपणावर ती आपोआप तुटतात, आणि खरी वाटतात.

रेषाकाका, घासून घासून मेलेलं ते एक पान प्रदर्शनात लावू का? शिकणाऱ्यांना दिसेल.

रेषाकाका

लावू नका. ते वर्गात दाखवायचं. भिंतीवर लोकांना चांगलंच द्या, त्यांचा तो हक्क आहे.

मूसप्रेमी

मी लावा म्हणेन. शेजारी नवीन पान लावा. बघणाऱ्याला फरक कळू दे.

तापीकाठची

इथे मी काकांच्या बाजूने. आणखी एक विचारायचं होतं. काच लावावी की नुसत्या माउंटवर टांगावीत? खर्चही बघायचाय.

फैजपूरकर

उन्हाळ्यात धूळ फार, काच हवीच. चित्र काचेला चिकटू नये म्हणून मधे जाड माउंट घाला, म्हणजे अंतर राहतं. आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका. उन्हाने जलरंग उडतो, शिवाय काचेत खिडकीच दिसते.

डफावर_थाप

उद्घाटनाला डफ घेऊन येऊ का? आखाजीला हवा कोरडी, तापवायची गरज नाही.

तापीकाठची

या की! वाचनालयवाल्यांना विचारून ठेवते.

पाटीवाला_पेंटर

दारावरची पाटी माझ्याकडून, फ्लेक्स लावू नका. दाराची रुंदी मोजून कळवा आणि काय लिहायचं ते आखाजीच्या आठ दिवस आधी पक्कं करा. नंतर अक्षर वाढवून मिळणार नाही.